शाळेचा उतारा कसा काढावा?



गेल्या गळीत हंगामात, फेब्रुवारी महिन्यात, आपल्या कारखान्याच्या शिक्षण उपसमितीने कार्यक्षेत्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना भेटी दिल्या. तिसरी ते पाचवीच्या मुलांकडून दुसरीच्या पुस्तकातला एक धडा वाचून घेतला, हातच्याची वजाबाकी करायला दिली, आणि कोणत्या शाळेत शेकडा किती मुलांना वाचता येते याचा तक्ता तयार केला. तो तक्ता आम्ही याच पानावर छापला. वर पहिला नंबर, खाली शेवटचा नंबर. शेवटच्या नंबरावर कारखान्याच्या गाडीतळाजवळची शाळा होती.

आमचा हेतू चांगला होता. सभासदांना आपल्या गावच्या शाळेची स्थिती कळावी, मागे असलेल्यांनी पुढे यावे, एवढेच मनात होते. पण झाले भलतेच. जून महिन्यात त्या शाळेतून तीन मुलांचे दाखले निघाले. तेवीसचा पट विसावर आला. २०२३ साली शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते, हे आपणांस आठवत असेल. तेव्हा विसाच्या काठावरच्या शाळेला एकेक दाखला किती जड जातो ते वेगळे सांगायला नको.

जूनच्या अखेरीस त्या शाळेचे गुरुजी ऑफिसात आले. आमचा तक्ता घडी घालून त्यांच्या खिशात होता. उपसमितीतील एका वडीलधाऱ्या सदस्यांना ते म्हणाले, "आबा, तुम्ही तपासायला आलात त्या दिवशी तुमच्यापुढं किती पोरं बसली होती?"

आबांनी वही पाहून सांगितले, "चोवीस."

"त्यातली माझ्या गावची चौदा. दहा पोरं तुमच्या टोळ्यांची. दिवाळीनंतर आलेली, पाडव्याला जाणारी. टोळ्या कारखान्यानं आणल्या, पोरं मी वर्गात बसवून घेतली. आणि शेवटचा नंबर माझा."

गुरुजी गेल्यावर आम्ही वही उघडून पुन्हा हिशेब केला. चोवीसपैकी तेरा मुलांना वाचता आले होते, म्हणजे ५४ टक्के. पण गावच्या चौदापैकी अकरा जणांना येत होते. हे झाले ७९ टक्के. टोळीच्या दहांपैकी दोघांनाच येत होते. केवळ गावची मुले धरली असती तर ती शाळा आमच्या तक्त्यात वरच्या चारांत बसली असती. आणि त्याच तक्त्यात वर आलेल्या एका शाळेच्या हद्दीतही टोळ्या उतरल्या होत्या, पण तिथे टोळीचे एकही मूल वर्गात नव्हते. ज्याने दार उघडले त्याचा नंबर खाली गेला, आणि ज्याने लावून घेतले त्याला आम्ही शाबासकी दिली!

ही चूक आमची होती. ती कबूल करण्यासाठी, आणि तशी चूक आपल्यापैकी कोणाकडून घरी वा ग्रामसभेत होऊ नये म्हणून, हा धडा. आपण सगळे उसाचा हिशेब जाणणारे लोक आहोत. तोच हिशेब शाळेला लावून पाहू.

थोडी मुले आणि मोठी टक्केवारी

पाच मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे २० टक्के. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे अडीच टक्के. वाडीवरच्या शाळेत तपासणीच्या दिवशी एखादी मुलगी तापाने फणफणलेली असली, तरी शाळेचा आकडा वीसने घसरतो. मोठ्या गावच्या शाळेत तेच घडले तर कोणाला कळतही नाही.

उदाहरण घेऊ. समजा, वाडीच्या शाळेत चौथीच्या वर्गात पहिल्या वर्षी ५ पैकी ४ मुलांना वाचता आले, म्हणजे ८० टक्के. दुसऱ्या वर्षी ६ पैकी २, म्हणजे ३३ टक्के. तिसऱ्या वर्षी ७ पैकी ५, म्हणजे ७१ टक्के. मोठ्या गावच्या शाळेत त्याच तीन वर्षांत ४० पैकी २६, ४० पैकी २४ आणि ४० पैकी २५. टक्केवारी ६५, ६० आणि साडेबासष्ट.

नंबर लावायचे म्हटले तर वाडीची शाळा पहिल्या वर्षी वर, दुसऱ्या वर्षी खाली, तिसऱ्या वर्षी पुन्हा वर. लोक म्हणणार, "मधल्या साली मास्तर झोपले होते काय?" आता तिन्ही वर्षांची बेरीज करा. वाडीची १८ पैकी ११, म्हणजे ६१ टक्के. मोठ्या गावची १२० पैकी ७५, म्हणजे साडेबासष्ट टक्के. दोन्ही शाळा जवळजवळ सारख्याच! वर-खाली झाला तो नुसता आकडा. शिकवणे होते तसेच होते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात शाळांचे निकाल दरवर्षी जाहीर होत आणि चांगल्या शाळांना बक्षिसे मिळत. थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते निकाल तपासले आणि २००२ साली आपले म्हणणे मांडले. अगदी वरच्या नंबरांत लहान शाळा जास्त सापडतात, आणि अगदी खालच्या नंबरांतही लहानच शाळा जास्त सापडतात. कारण तेच. मुले थोडी असली की योगायोगाचा वाटा मोठा होतो. मोठ्या शाळा मधेच कुठेतरी राहतात, त्यांना ना बक्षीस ना बोल.

आपल्या शेतकी खात्याचा माणूस ब्रिक्स पाहायला येतो तेव्हा बांधाकडेचा एकच ऊस मोडून "तोडा" किंवा "थांबा" म्हणत नाही. फडात आत शिरून चार ठिकाणचे ऊस घेतो, बुडख्याचा रस पाहतो, शेंड्याचा पाहतो, मग सांगतो. एका मोळीवरून फडाचा उतारा सांगणाऱ्याला आपण हसतो. मग पाच पोरांवरून शाळेचा उतारा कसा सांगावा?

बसले किती आणि पटावर किती

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फलक लागतो, "आमच्या शाळेचा निकाल ८० टक्के." फलक खोटा नसतो. पण एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ८० टक्के, पण कशाचे?

समजा, दोन शाळांत वर्गात वीस-वीस मुले आहेत. पहिल्या शाळेने हुशार पाच निवडून परीक्षेला बसवली, त्यातली चार पात्र ठरली. निकाल ८० टक्के. दुसऱ्या शाळेतील बाईंनी वीसच्या वीस मुले बसवली, त्यातली दहा पात्र ठरली. निकाल ५० टक्के. फलकावर पहिली शाळा भारी. पण पटावरच्या वीस मुलांचा हिशेब केला तर पहिल्या शाळेत वीसपैकी चार आणि दुसऱ्या शाळेत वीसपैकी दहा. आपला पोरगा या दोहोंपैकी कुठे घालावा, हे आता ज्याचे त्याने ठरवावे.

निवडून निवडून जाडजूड ऊस तेवढा गव्हाणीत टाकला आणि बाकीचा फड उभाच ठेवला, तर उतारा चांगलाच दिसणार. पण एकरी हिशेब सांगा म्हटले की उत्तर देताना पंचाईत होते.

रस कुठे वळला ते पाहा

आता एक हिशेब असा, की तो आपल्या सभासदांना वार्षिक सभेत तोंडपाठ असतो. २०१८ पासून बी हेवी मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथेनॉल करायला शासनाने वेगळे दर दिले. तेव्हापासून ज्या कारखान्याने रस किंवा बी हेवी मळी इथेनॉलकडे वळवली, त्याची पोत्यात येणारी साखर कमी झाली आणि उतारा घसरल्यासारखा दिसू लागला. ऊस तोच, रानही तेच. म्हणून शेजारच्या कारखान्याशी उताऱ्याची तुलना करताना आपण पहिला सवाल करतो, "वळवलेला रस धरून की सोडून?"

शाळेतूनही रस वळतो. चौथी-पाचवीत मुलगा चमकला की तालुक्याच्या शाळेची पिवळी बस दारात येते. पाचवीतला विद्यार्थी जवाहर नवोदय विद्यालयाची परीक्षा पास झाला की सहावीला तिकडे जातो. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखीव आहेत, त्यातूनही काही मुले पहिलीलाच बाहेर पडतात. ही मुले पुढे गेली यात आनंदच आहे. पण ज्या शाळेने त्यांना अक्षर शिकवले, तिच्या सातवीच्या निकालात ती दिसत नाहीत. मागे राहिलेल्यांचा निकाल पाहून आपण म्हणतो, "या शाळेत काही राहिलं नाही." घडवून पाठवलेल्या मुलांचा हिशेब शाळेच्या नावे मांडायला नको का?

आणि उलट बाजूही पाहा. गाडीतळाजवळच्या शाळेत रस बाहेर गेला तो गेलाच, शिवाय टोळीची मुले आत आली. बीड, जामखेड, पाथर्डीकडून आईबापाबरोबर आलेले मूल दिवाळीपर्यंत एका शाळेत आणि दिवाळीनंतर दुसऱ्या शाळेत. पहाटे कोपीबाहेर चूल पेटवायची, धाकट्याला सांभाळायचे आणि मग दप्तर शोधायचे. अशा मुलाने चार महिन्यांत गावच्या मुलाइतके वाचावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. गुरुजींनी कायदा पाळला. आपला ऊस तोडणाऱ्या हातांची ती मुले आहेत, हे आपण सभासदांनी तरी विसरू नये.

लागण कधीची आणि खोडवा कितवा

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. सुरूचा ऊस बारा महिन्यांचा. खोडव्याचा हिशेब आणखी वेगळा. आडसालीचे एकरी टन खोडव्याच्या शेजारी मांडून "तुझी शेती वाईट" असे कोणी म्हटले तर शेतकरी त्याला बांधावरून हाकलून देईल.

मुलांचेही तसेच. एखाद्या घरात आई रोज गोष्ट वाचून दाखवते, अंगणवाडीत मूल नियमित गेलेले असते. ते पहिलीला येते तेव्हा निम्मे अंतर चालून आलेले असते. दुसऱ्या घरातले मूल पाटी पहिल्यांदा शाळेतच पाहते. म्हणून वर्षअखेर मूल कुठे पोहोचले एवढेच पाहून चालत नाही, ते कुठून निघाले होते तेही पाहावे लागते.

समजा, एका शाळेत जूनमध्ये दहांपैकी सहा मुलांना धडा वाचता येत होता आणि एप्रिलमध्ये सात जणांना येऊ लागला. दुसऱ्या शाळेत जूनमध्ये दहांपैकी एकालाच येत होता आणि एप्रिलमध्ये सहा जणांना येऊ लागला. नुसता एप्रिलचा आकडा पाहिला तर पहिली शाळा वर, ७० विरुद्ध ६०. पण वर्षभरात पहिल्या शाळेने एक मूल वाचते केले, दुसरीने पाच. कष्ट कुठे झाले?

आपल्या राज्यातील शाळांत वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी आणि पुढे संकलित मूल्यमापन होते. म्हणजे सुरुवात आणि शेवट हे दोन्ही आकडे शाळेतच असतात. आपण मागत नाही, एवढेच. मात्र येथेही एक खबरदारी घ्यावी. मुले थोडी असतील तर वाढीचा आकडाही वर्षागणिक उड्या मारतो, तेव्हा तोही दोन-तीन वर्षांचा एकत्र पाहावा. आणि ज्या शाळेत दहांपैकी नऊ मुले जूनमध्येच वाचत होती, तिथे वाढ कमी दिसणार, त्यात तिचा दोष नाही.

जिल्ह्याचा आकडा वाडीला लावू नये

वर्तमानपत्रात कधी "जिल्ह्यातील मुलांना भागाकार येत नाही" अशी बातमी येते आणि पारावर गावच्या शाळेचा उद्धार सुरू होतो. हे आकडे येतात कुठून ते समजून घ्यावे. प्रथम संस्थेच्या पुढाकाराने 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होत आली आहे. तीत ग्रामीण जिल्ह्यातील तीस गावे निवडतात आणि दर गावात वीस घरे. मुलाला घरी बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे चढत्या क्रमाने वाचायला देतात. केंद्र शासनाची राष्ट्रीय संपादणूक पाहणी १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, आणि पुढे ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' पाहणी झाली. त्यांतही काही शाळा नमुन्यादाखल घेतल्या होत्या.

या पाहण्या उपयोगाच्या आहेत, पण त्या जिल्ह्याचे वा राज्याचे चित्र सांगण्यासाठी आहेत. जिल्ह्याचा सरासरी पाऊस अमुक इतका झाला म्हणून आपल्या विहिरीला पाणी आले असे होत नाही. तसेच जिल्ह्याच्या आकड्यावरून आपल्या गावच्या शाळेला चांगले वा वाईट ठरवता येत नाही. आपल्या गावची शाळा आपणच जाऊन पाहावी लागते.

मग जाब विचारायचाच नाही का?

काही सभासद म्हणतील, "म्हणजे टक्केवारी कमी आली की लहान शाळा, टोळीची पोरं, खोडवा अशी कारणं सांगायची आणि मास्तरांना मोकळं सोडायचं!" तसे मुळीच नाही. जमीन हलकी आहे हे कबूल, पण पाणीच सोडले नाही तर तो दोष जमिनीचा नव्हे.

तीन वर्षांची बेरीज करूनही आकडा खाली, जून ते एप्रिल वाढही नाही, आणि शेजारच्या तशाच वाडीवरच्या, तेवढ्याच पटाच्या शाळेत मात्र मुले वाचतात, असे असेल तर विचारलेच पाहिजे. पण विचारण्याआधी पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

१) शाळा किती दिवस भरली? कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस कामकाज व्हावे लागते. दिवस मोजायला पदवी लागत नाही.

२) शिक्षक किती आणि वर्ग किती? कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे. त्यातली एक जागा रिकामी असेल तर उरलेल्या गुरुजींना जाब विचारण्याऐवजी पंचायत समितीत जाऊन जागा भरण्याचा जाब विचारावा.

३) शिक्षक इतर कामांत किती दिवस होते? निवडणूक, जनगणना आणि आपत्तीचे काम त्यांना कायद्याने करावे लागते. ते दिवस वेगळे काढावेत.

४) मूल किती दिवस हजर होते? हा प्रश्न शाळेला नसून आपल्यालाच आहे. लागणीला, खुरपणीला, जत्रेला मुलाला घरी ठेवले ते दिवसही हिशेबात धरावेत.

हे सर्व विचारण्याची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात पाऊण सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. कागदावर समिती प्रत्येक शाळेत आहे. बैठकीला मात्र सहीपुरते जाणारेच जास्त. कारखान्याच्या सभेत उताऱ्याच्या एका दशांशावरून आपण तासभर वाद घालतो. त्यातली दहा मिनिटे शाळेच्या बैठकीत खर्ची घातली तर बरेच होईल.

आम्ही काय करणार, आपण काय करावे

शिक्षण उपसमितीने पुढीलप्रमाणे ठरविले आहे. यापुढे या पानावर शाळांचे नंबर लावून तक्ता छापला जाणार नाही. छापायचे तर प्रत्येक शाळेपुढे पट किती, तपासलेली मुले किती, त्यांतली टोळीची किती, आणि तीन वर्षांची बेरीज किती, हे सर्व येईल. टोळीच्या मुलांचा हिशेब वेगळ्या रकान्यात राहील, आणि ज्या शाळेने अशी मुले वर्गात घेतली तिचा उल्लेख मानाने केला जाईल.

दुसरे असे की, हंगाम सुरू होताना गट ऑफिसातून टोळ्यांची नोंद होते, तेव्हाच सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची नावे, वय आणि गावाकडची इयत्ता लिहून घेऊन ती यादी जवळच्या शाळेला द्यावी, अशी शिफारस आम्ही संचालक मंडळाकडे केली आहे. टोळी परत जाताना मूल इथे काय शिकले याची चिठ्ठी त्याच्या हाती द्यावी, म्हणजे गावाकडच्या गुरुजींना पुन्हा 'अ'पासून सुरुवात करावी लागणार नाही.

सभासदांनी एवढेच करावे. आज रात्री जेवणानंतर आपल्या मुला-मुलीला किंवा नातवंडाला दुसरीच्या पुस्तकातला एक धडा वाचायला सांगावा. अडखळला तर रागावू नये. कोणत्या शब्दाला अडला ते लक्षात ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना किंवा बाईंना सांगावे. महिन्याने पुन्हा वाचून घ्यावे. आपल्या मुलाचा उतारा काढायला याहून चांगला काटा नाही, आणि त्याला कोणाच्या तक्त्याची गरजही नाही.

गाडीतळाजवळच्या शाळेत आम्ही पुन्हा जाऊन आलो. ज्या तीन घरांतून दाखले निघाले, त्या घरीही जाऊन आमची चूक सांगितली. एका घरातील मुलगी परत त्या शाळेत आली आहे. बाकी दोघांनी बसचे पैसे भरून टाकले आहेत, त्यांचा निर्णय त्यांच्यापाशी. गुरुजींना आम्ही म्हणालो, "पुढच्या हंगामात टोळ्या येतील तेव्हा पोरं घेणार ना?" ते म्हणाले, "न घेऊन कसं चालंल? फक्त तपासायला येताना वहीत दोन रकाने आखून या."

त्याप्रमाणे नवी वही आखून ठेवली आहे.

आपले,
शिक्षण उपसमितीचे सदस्य